सासऱ्यांची उघडलेली गाडी

माझ्या सासऱ्यांइतकी मोटारसायकल समजलेला माणूस साऱ्या तंजावुरात नव्हता, आणि त्यांनी सात वर्षं समजावून सांगूनही माझ्याइतका गोंधळलेला माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर सापडला नसता. मी मूळचा साताऱ्याकडचा. राजवाड्यातल्या ग्रंथालयात जुने मोडी कागद लावायची नोकरी मिळाली म्हणून तिकडं गेलो, आणि जवळच्याच गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या एका मराठी घरचा जावई झालो. सासरे कालव्यांवरचे निवृत्त ओव्हरसियर. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनियराकडून त्यांनी जुनी विलायती मोटारसायकल घेतली होती. लांबलचक टाकी, दोन माणसं ऐसपैस बसतील अशी बैठक, मागं दोन्ही बाजूंना चामड्याच्या पिशव्या. हे वर्णन मी पत्नीकडून ऐकलेलं. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा ही गाडी ओट्यावर साठ-सत्तर तुकड्यांत पसरलेली होती.

मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी हे गृहस्थ काळे हात पुसत बाहेर आले आणि त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हांस गाडी हाकतां येते कीं?"

मोटारसायकल हाकायची! मला इतकं हसू आलं की कॉफी नाकात गेली. त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग "सेरि," म्हणजे बरं, एवढंच म्हणून पुन्हा सुट्या भागांपाशी जाऊन बसले. लग्न ठरलं, झालंही, आणि तो प्रसंग मी विसरून गेलो.

त्यांचा दिवस उजाडायचा तो रॉकेलच्या वासानं. स्नान, संध्या, इडली आणि मग गाडी. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुवायचा, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचा आणि सासूबाईंच्या कुठल्या तरी भांड्यात ठेवायचा. स्प्रिंगा लोणच्याच्या बरणीत, बेअरिंगच्या गोळ्या कुंकवाच्या करंड्यात. पेट्रोलच्या नळाला लागणाऱ्या बुचाच्या चकत्या त्यांनी एकदा अप्पळमच्या, म्हणजे तिकडच्या पापडाच्या डब्यात ठेवल्या. सासूबाईंना दिसायचं कमी. त्यांनी त्यातल्या दोन तळून माझ्या पानात वाढल्या. ही तंजावूरची खासियत असावी अशा समजुतीनं मी पहिली कशीबशी चावून गिळली आणि म्हणालो, "छान आहे. जरा चिवट आहे, पण छान." सासऱ्यांनी जेवण थांबवलं, माझ्या पानातली दुसरी उचलून उजेडात धरली आणि बायकोला म्हणाले, "दुसरी मिळणार नाहीं ती आतां." पोटात गेलेल्या चकतीबद्दल हळहळ होती, माझ्या पोटाबद्दल कोणी विचारलं नाही.

खरा घोळ त्यांच्या वहीचा. गाडीविषयी त्यांना जे कळलं ते अस्कं, म्हणजे सगळं, त्या वहीत होतं. मी तीनशे वर्षांपूर्वीची मोडी वाचत असे, पण ही वही मला वाचता येईना, कारण भाषा मराठी आणि लिपी तमिळ. पत्नी वाचून दाखवायची. पण तमिळ लिपीत त आणि द एकच, प, ब आणि भ एकच, क आणि ग एकच. काडी कुठली आणि गाडी कुठली, हे ज्यानं लिहिलं त्यालाच ठाऊक. एकदा गाडी जोडून उभी असताना सासरे बाजारात गेले होते. जाताना सांगून गेले होते की वहीतल्या पहिल्या पानाप्रमाणं गाडी तपासून ठेवा. पत्नीनं वाचलं, "निघायच्या आधीं ताब पाहावा."

"ताब? ताप की दाब?"

"मज काय ठाऊक? ताब लिहिलंय."

इंजिन नुकतंच चालवून बंद केलेलं होतं. ताप असेल म्हणून मी त्यावर तळहात ठेवला. सासरे परत आले तेव्हा मी हात ताकाच्या भांड्यात बुडवून बसलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "चाकांतला दाब, जांवई. हवेचा." मग वही उघडून त्या शब्दाखाली त्यांनी काही तरी लिहिलं. पत्नीनं मला नंतर वाचून दाखवलं: "हात लावूं नये."

पण या सगळ्याहून मोठं कोडं निराळंच होतं. गाडी वर्षातून दोनदा पूर्ण जोडून व्हायची. जोडली की पहिल्या लाथेत सुरू व्हायची, गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन बघायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा उघडलेली! विचारलं की उत्तर एकच, "लांब जायाचें आहे. अस्कं नीट पाहिलं पाहिजे." लांब म्हणजे मराठी मुलखात. पूर्वज तिकडून निघाल्यापासून त्यांच्या घराण्यातलं कोणी परत गेलं नव्हतं. त्यांनी नकाशा आणून ठेवला होता, मला रस्ते विचारायचे, मुक्कामांची नावं लिहून घ्यायचे. गाडी तयार, नकाशा तयार, माणूस तयार. मग जोडलेली गाडी पुन्हा उघडतात कशाला? मला काही केल्या उलगडेना.

एका थंडीत जोडलेल्या गाडीवर मला मागं बसवून ते तिरुवैयारूला निघाले. भाताच्या शेतांमधून, कालव्याच्या कडेनं दोनेक कोस गाडी झकास पळाली आणि एका पुलापाशी गप्प झाली. मी उतरलो. सासरे मात्र खालीही वाकले नाहीत. पुलाच्या कठड्यावर बसले आणि पाण्याकडं पाहत म्हणाले, "एक विचारूं कां? मी तुमच्या मुलखांत गेलों आणि तोंड उघडिलें, तर लोक हांसतील कां?"

ती नाकात गेलेली कॉफी सात वर्षांनी आठवली. ज्या कागदांसाठी मी पोटापाण्याला तिथं राहिलो होतो, त्यांत हाच माणूस, याच जुन्या मराठीत, बोलत होता, आणि मी त्याला हसलो होतो.

"हसतील," मी म्हणालो. "मीही हसलो होतो, अप्पा. चूक झाली माझी."

"चूक कसली," ते म्हणाले. "तुम्हांस हांसूं आलें. पण तेवढे कोस जाऊन परके ठरलों, तर परत येऊन काय सांगूं?"

ते उठले, टाकीखालचा पेट्रोलचा नळ फिरवला, लाथ मारली आणि गाडी सुरू झाली. नळ बंद कसा झाला होता, हे मी विचारलं नाही.

पोंगल झाल्यावर ते निघाले. एकटे. सासूबाईंनी पिशव्यांत भरलेला पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात, आठवडाभर पुरला असता. वाटेतून तमिळ लिपीत पत्रं येत. "येथील पाव चांगला आहे" हे वाचून घरात दोन दिवस वाद चालला, की पाव चांगला, भाव चांगला की कोणी भाऊ चांगला भेटला. विसाव्या दिवशी ते धुळीनं माखून परत आले. ओट्यावर पाणी प्यायले आणि सांगू लागले. कोल्हापूरच्या अलीकडं एका हॉटेलात त्यांनी चहा मागितला. मालक हसला. मग आत जाऊन आपल्या म्हाताऱ्या वडिलांना धरून घेऊन आला. म्हातारा समोर बसला आणि म्हणाला, "आणखी बोला की पाव्हणं."

"मग?"

"मग बोललों. संध्याकाळ होईतों," सासरे म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

त्यानंतर गाडी त्यांनी उघडलीच नाही. ती ओट्यावर अखंड उभी. सकाळी इडली झाली की ते तिच्यासमोर बसत, हात मांडीवर ठेवून. भांडी घरात परत आली, रॉकेलचा वास गेला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटत नव्हतं, आणि का वाटत नव्हतं तेही कळत नव्हतं. महिनाभर हे चाललं. मग एका सकाळी ते अचानक वाकले आणि कार्ब्युरेटरखालचा एक नट बोटानं फिरवून पाहू लागले. नट पार सैल होता.

"हें आपोआप होणार नाहीं," ते म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तिथं असा नट असतो हेही मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. आतून सासूबाई, बाहेर न येता, म्हणाल्या, "उघडून पाहा एकदां. भाग ठेवायाला पितळी घासून ठेविली आहे."

डोळ्यांनी इतकं अधू माणूस नेमक्या त्या नटापर्यंत कसं पोचलं असेल, हे मला आजवर उमगलेलं नाही. सासऱ्यांनी धोतर सावरलं, पाना घेतला, आणि जरा सरकून मला शेजारी बसायला जागा करून दिली.