तुकड्यातुकड्यांनी गेलेलं मंगलाष्टक

परवा भाचीने तिच्या मैत्रिणीच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ फोनवर पाठवला आणि पाठोपाठ विचारलं, "मावशी, अजून बघितला नाहीस?" ज्यांना पाठवताना कधी घाम फुटला नाही, त्यांना पोचण्याचं मोल काय सांगायचं? मी मात्र एकदा एक मंगलाष्टक बंगळूरहून इंग्लंडला पोचवलं आहे. आयुष्यात बढत्या मिळाल्या, घर झालं, पण त्या मंगलाष्टकाइतकी ऐट मला कशाचीच वाटली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नागपूरहून नोकरीसाठी आलेली मी बसवनगुडीत एका घरी पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. घराच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, त्यांची पोटची मुलगीसुद्धा. मराठीच घराणं, पण कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन रुजलेलं. माझं "काय करून राहिल्या, अक्का?" ऐकून त्या पदराआड हसायच्या आणि त्यांचं "सुम्ने बसल्ये गे," म्हणजे उगीच बसले आहे, हे ऐकून मी. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात मायलेकी दोघीच. मुलगी माझ्याच ऑफिसात होती आणि तिनेच मला त्या घरी आणलं होतं. मग ऑफिसने तिला इंग्लंडला पाठवलं आणि तिच्या खोलीत मी हातपाय पसरले.

तिकडे तिला पुण्याचा एक मुलगा भेटला आणि लग्न ठरलं. सन दोन हजार उजाडलं की साऱ्या जगाचे कॉम्प्युटर तारीख चुकणार, या धास्तीने तेव्हा आमच्या धंद्यात कोणालाच रजा मिळत नव्हती. त्यामुळे लग्न तिकडेच करायचं ठरलं, एका भाड्याच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. अक्का जाणार होत्या. व्हिसा झाला, साडी झाली, लोकरीचा कोट झाला, आणि निघायच्या आठवड्यात अंगणात पाय घसरून हाड मोडलं. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. मुलगी फोनवर म्हणाली, लग्न पुढे ढकलते. अक्का म्हणाल्या, "मुहूर्त माझ्या पायासाठी थांबत न्हाई." त्या बाबतीत त्या अगदी खंबीर होत्या.

पण एका गोष्टीने त्यांना पोखरलं. त्यांच्या घराण्यात अशी रीत होती, की अंतरपाटाशी उभ्या असलेल्या मुलीसाठी शेवटचं मंगलाष्टक तिच्या आईनेच म्हणायचं. रचायचंही तिनेच. त्यात मुलीच्या लहानपणची एखादी गोष्ट गुंफायची, आणि मुहूर्त येईपर्यंत ते कोणाच्याही कानावर पडू द्यायचं नाही. अक्कांसाठी त्यांच्या आईने म्हटलं होतं, आईसाठी आजीने. "माझ्यापाशी येऊन तुटायचं काय गे हे?" त्या मला म्हणाल्या. हाड मोडल्यावर डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या बाईचा आवाज तेव्हा कापला. मला राहवलं नाही. "तुटत नाही, मी पोचवते," असं बोलून बसले आणि मग विचार करायला लागले. माझं नेहमी हे असंच होतं.

फोनवरून म्हणावं, तर हॉलमधला एकुलता एक फोन तिथल्या स्वयंपाकघराशेजारच्या ऑफिसात. वधू-वरांना आणि अंतरपाटाला तिथे नेऊन उभं करणं कठीण होतं. कॅसेट कुरिअरने शनिवारच्या आत पोचेल याची खात्री कोणी देईना. राहिला ईमेल.

त्यासाठी मी ऑफिसातल्या एका पुणेकराला धरलं. तो कोरमंगलाला राहायचा आणि त्याच्या खोलीवर स्वतःचा कॉम्प्युटर, मोडेम आणि टेलिफोन असं सगळं वैभव होतं. माणूस हुशार, पण भित्रा. "हा मेल अकरा जणांना पाठवा, नाहीतर अरिष्ट ओढवेल" असे देवादिकांचे मेल तेव्हा गावभर फिरत. ते हा इमानेइतबारे अकराच्या अकरा जणांना पाठवायचा. आम्ही त्याच्यावर वैतागायचो आणि त्याचे मेल न उघडताच पुसायचो.

अक्कांनी देवघराचं दार लावून घेतलं आणि टेपरेकॉर्डरवर मंगलाष्टक म्हटलं. ती कॅसेट आम्ही वायर लावून कॉम्प्युटरात उतरवली, तीही स्पीकर बंद ठेवून, कारण ऐकायचं नव्हतं. पडद्यावर आवाजाच्या रेघा नुसत्या नाचत होत्या. एका जागी त्या एकदम सपाट झाल्या आणि बऱ्याच वेळाने पुन्हा हलल्या. तिथे अक्का थांबल्या असणार. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता पडद्याकडे बघत राहिलो.

अक्कांनी फोटोही दिले होते. यजमानांचा, घराचा, मुलीच्या बारशापासूनचे. कोणता कशानंतर दिसायला हवा तेही बजावलं होतं. ते गांधी बझारातल्या एका दुकानात स्कॅन करून घेतले. आवाज आणि फोटो जोडून सुंदर चित्रमाला तयार झाली, आणि ती एवढी अवाढव्य झाली की पुणेकराने कपाळाला हात लावला. तेव्हाच्या फुकटच्या मेलपेटीत एक बरासा फोटो आला तरी तिला अपचन व्हायचं. तरी आम्ही पाठवून पाहिली. मोडेमने बराच वेळ किरकिर केली आणि मेल जसाच्या तसा परत आला, आकार मर्यादेबाहेर आहे असं सांगत. ऑफिसच्या मेलवरून पाठवला, तर तिथूनही परत, शिवाय वरून समज.

"आवाज थोडा दाबू," पुणेकर म्हणाला. "फाइल निम्म्याहून लहान होईल."

त्याने नमुन्यादाखल स्वतःचा आवाज दाबून ऐकवला. बादली डोक्यावर उपडी घालून माणूस बोलत असावा तसं वाटलं. मी भडकले. "अक्काचा आवाज असा जाणार नाही. फोटो लहान कर, आवाजाला हात लावायचा नाही."

"मग जाणारच नाही तो."

"कसा जात नाही ते मी बघते."

फोटो लहान केले, तरी ते ओझं पेटीत मावेना. मग मला आठवलं, की ऑफिसात मोठा प्रोग्राम न्यायचा असला की आम्ही त्याचे तुकडे पाडून वेगवेगळ्या फ्लॉप्यांवर घालायचो आणि तिकडे जोडायचो. तेच मेलने का करू नये? एक तुकडा पाठवायचा, तिने तो उतरवून घ्यायचा, पेटी रिकामी करायची, की दुसरा. पुणेकराने मान हलवली. सगळे तुकडे आल्याशिवाय काहीच उघडणार नाही, एवढं मात्र त्याने बजावलं.

घरी येऊन मी अक्कांना हे सांगितलं. त्यांना तुकडे हा शब्दच आवडला नाही. "शुभकार्याचं सामान तुकडे करून धाडतात काय? सरी, बरं, धाड. पण पहिल्यावर गणपतीचं नाव घाल गे. त्याबगर पाठवू नको." लग्नपत्रिकेच्या माथ्यावर जे असतं ते मेलच्या माथ्यावर का नको, हे मलाही पटलं. पहिल्या तुकड्याच्या विषयात मी ठसठशीत लिहिलं, "श्री गणेशाय नमः". फोनलाइन पुणेकराची होती, म्हणून मेलही त्याच्याच खात्यावरून गेला. मग विषयात माझं नाव घालून दुसऱ्या मेलमध्ये नुसतंच लिहिलं, की असे आणखी तुकडे येणार आहेत, पेटीत जागा कर आणि कळव. तिचं उत्तर आलं, "जागा केली. पाठव."

मग रोज ऑफिस सुटलं की मी कोरमंगलाला. लाइन मध्येच तुटायची, अर्धा गेलेला तुकडा पुन्हा पहिल्यापासून पाठवावा लागायचा, मी मोडेमला नागपुरी शिव्या हासडायची आणि पुणेकर कानांवर हात ठेवायचा. तिकडून "आलं" असा एका शब्दाचा मेल आला की आम्ही सामना जिंकल्यासारखे टाळ्या द्यायचो. शुक्रवारी शेवटच्या तुकड्याचं "आलं" आलं. मी अक्कांना पेढा भरवला.

शनिवारी दुपारी जेवून उठतो तोच इंग्लंडहून फोन. तिकडे सकाळ होती. रीत पाळायची म्हणून तिने इतके दिवस तुकडे जोडलेच नव्हते, आज मुहूर्ताच्या दिवशी जोडायला बसली होती. "अगं, उघडत नाही. माझ्याकडे दोन नंबरपासून पुढचे आहेत. एक कुठाय?"

"सगळ्यात आधी पाठवला होता. तू जागा केली म्हणालीस ना?"

"कुठल्या नावाने पाठवला होतास?"

मी सांगितलं. मग ती अगदी हळू बोलली, "तो त्याचा देवाचा मेल वाटला गं मला. जागा करायला सांगितलीस, म्हणून सगळ्यात आधी तोच पुसला."

यात चूक कोणाची, यावर आमच्या तिघांत अजून एकमत नाही. पण तेव्हा वादाला सवड नव्हती. "इंटरनेट लावून बस, हलू नको," असं सांगून मी फोन ठेवला. अक्का पलंगावरून बघत होत्या. "काय झालं गे?" मी म्हटलं, "काही नाही, स्वल्प राहिलंय." त्यांना ते खरं वाटलं नाही, पण त्यांनी अडवलं नाही.

रिक्षावाल्याला "अण्णा, स्वल्प बेगा," म्हणजे जरा लवकर, असं करत कोरमंगला गाठलं. पुणेकर कपडे वाळत घालत होता. त्याला तसाच ओल्या हातांनी आत ओढला. पहिल्यांदा लाइन लागली नाही. दुसऱ्यांदा लागली आणि तुटली. पुणेकर म्हणाला, "मी म्हणालो होतो, आवाज दाबू." मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं. तिसऱ्यांदा तो तुकडा मुंगीच्या पावलाने सरकत सरकत एकदाचा गेला. विषयात मी या वेळी फक्त लिहिलं होतं, "पुसू नकोस, मी आहे." आम्ही वाट बघत बसलो. मग पडद्यावर उत्तर आलं. "आलं. उघडलं. पहिला फोटो बाबांचा दिसला, लगेच बंद केलं. लॅपटॉप घेऊन हॉलवर निघते." पुणेकर चक्क नाचला. मी भिंतीला टेकून खाली बसले.

पण आवाज येतो की नाही, ते कोणीच पाहिलं नव्हतं. त्या धाकधुकीतच मी पुणेकराला घेऊन बसवनगुडीला परतले. अक्का नवी साडी नेसून, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून, फोनशी बसल्या होत्या. ठरल्या वेळी फोन वाजला. नवऱ्या मुलाच्या मित्राने ऑफिसचं दार उघडं टाकून रिसीव्हर हॉलच्या दिशेने धरला होता. गुरुजींचा आवाज, लोकांची कुजबुज, मग काहीच नाही. ती शांतता फार लांबली. आणि मग साता समुद्रापलीकडून, पार त्या स्वयंपाकघराशेजारून, अक्कांचा आवाज आला.

आम्ही रिसीव्हरला तिन्ही डोकी भिडवली. बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेत, कडलेकाय परिषेत, हरवलेल्या छोट्या मुलीची गोष्ट होती ती. आईने दिवसभर शोधलं, तिन्हीसांजेला बसवण्णाच्या देवळाशी ती सापडली. आता हा हात दुसऱ्याच्या हाती देते आहे, आता हरवू नकोस. मध्ये अक्का थांबल्या ते कडवं आलं, आणि अख्खा हॉल त्यांच्यासाठी गप्प थांबला. मग सगळ्यांचं मिळून "सावधान" इतक्या जोरात आलं की पुणेकराने कान मागे घेतला. मी ओक्साबोक्शी रडत होते आणि मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

थोड्या वेळाने फोनवर मुलगी आली. मला वाटलं ती रडेल.

"अक्का, त्या परिषेत मी हरवलेच नव्हते. तू हरवली होतीस. मी शेंगांची पुडी घेऊन देवळाशीच उभी होते."

"मी कशाला हरवू गे? माझं गाव हे."

"मग रडत कोण होतं? तूच ना?"

"धूर होता तिथं. शेंगा भाजत होते."

परदेशाच्या फोनचं मीटर धावत होतं, तिकडे पंगत खोळंबली होती, आणि अक्का गाल न पुसता तावातावाने भांडत होत्या. पुणेकर मला म्हणाला, सांग ना त्यांना आता आवरायला. मी त्याला गप्प बसवलं. कितीतरी महिन्यांनी त्या घरात मायलेकी दोघी होत्या.