जूनमधला हीटर

दोह्याहून अल रुवैसला निघालो तेव्हा माझ्या खिशात दोन कागद होते. एक मिरजेहून सासऱ्यांनी केलेली तार: मुलगी झाली, बारशाला या. दुसरा माझा रजेचा अर्ज, आणि त्यावर अरबाबची (मालकाची) सही व्हायची होती. सत्तरच्या दशकातला एक जून होता तो. अरबाबने अट घातली होती, "गाडी बिना रुके रुवैस जाएगा, तो सही. इन्शाल्ला." तिथल्या चुलतभावापुढे त्याला गाडी मिरवायची होती.

गाडी अमेरिकन, आठ सिलिंडरची, लालभडक. सुरू केली की गल्लीतल्या शेळ्या पळत. पण पंधरा किलोमीटर गेलं की इंजिन तापून बंद! मी फॅनचा पट्टा बदलला, थर्मोस्टॅट काढून टाकला, रेडिएटर तीनदा धुतला. त्याच्या नळ्या खाऱ्या पाण्यानं निम्म्या बुजल्या होत्या आणि नवा बोटीनं यायला दोन महिने लागणार होते. तोवर बारसं कुठलं!

शहर मागे पडलं. दोन्हीकडे पांढरट, सपाट माळ, झाड नावाला नाही. अरबाब गाडी चालवत होता, मी शेजारी. थोड्याच वेळात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला.

"अरबाब, हीटर लगाओ," मी म्हणालो.

"मिस्त्री, तुम पागल?"

इंजिनातली उष्णता हीटरवाटे आत ओढायची, एवढाच उपाय उरला होता. गाडी कतारात आल्यापासून ती कळ कुणी हलवलीच नव्हती. मी ओढली. आधी धूळ आली, मग अमेरिकेतलं एक वाळकं पान उडून अरबाबच्या दाढीत अडकलं, आणि मग भट्टीच उघडली. काटा मात्र मुकाट्यानं खाली आला.

रुवैसच्या बंदरावर उतरलो तेव्हा दोघंही नखशिखांत भिजलेले. जाळं विणणाऱ्या कोळ्यानं मला विचारलं, "पोहून आलात?"

चुलतभावानं भात आणि हामूर (तिथला आवडता मासा) वाढला. जेवण झाल्यावर मी अर्ज पुढे केला. अरबाबने प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"इतना अच्छा मिस्त्री को कौन छोड़ेगा?"

माझं डोकंच फिरलं. कुठून ही गाडी पोचवली असं झालं.

परतताना मी त्यालाच शिकवणी लावली. काटा चढला, कळ ओढा, उतरला, ढकला. निम्म्या वाटेपर्यंत तो असा रमला की मला हात लावू देईना. शेवटी गाडी कडेला घेऊन म्हणाला, "खलास! अब मिस्त्री का क्या काम?" आणि स्टिअरिंगवरच कागद ठेवून सही ठोकली. बिनकामाचा ठरल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

बारशाच्या सकाळी मिरजेला पोचलो. बाळंतिणीच्या खोलीचं दार ढकललं, तर शेगडीची तीच ओळखीची झळ तोंडावर आली.

"जावईबापू, आधी दार लावा! ऊब जाते सगळी," सासूबाई ओरडल्या.

लेक टोपडं घालून निवांत झोपली होती. मी दार घट्ट लावलं आणि घामाच्या धारा पुसत तिच्याजवळ बसलो. खिडकी उघडा म्हणायचं मनातसुद्धा आलं नाही.