परत फिरवलेलं विमान

ताई वैमानिक होती, आणि त्या दुपारी तिच्याच विमानात मागे धाकटा भाऊ बसला होता. समुद्रापलीकडच्या शहरात वडील अखेरच्या घटका मोजत होते. उतरल्या उतरल्या दोघांनी दवाखाना गाठायचा, असं ठरलं होतं.

उड्डाणानंतर थोड्याच वेळात डाव्या इंजिनाच्या तेलाचा दाब एकदम खाली आला आणि लगेच पूर्ववत झाला. जरा वेळाने पुन्हा तेच.

"मॅडम, आता तर ठीक दिसतंय. जाऊ या का पुढे?" सहवैमानिकाने विचारलं.

तिचाही जीव पुढेच ओढ घेत होता. पण पुढे नुसतं पाणी होतं.

"नको रे. मागे एवढी माणसं बसलीयेत," म्हणत तिने विमान वळवलं.

दुसरं विमान मिळेपर्यंत वडील गेले. इंजिन ठणठणीत निघालं. दाब मोजणाऱ्या यंत्राची एक वायर तेवढी सैल होती, म्हणून आकडा मधूनच चुकत होता.

"ताई, तू केलंस ते बरोबरच होतं," भाऊ म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

तिलाही ते पटतं. तरी वडील शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावून होते, हे नर्सचं बोलणं काही केल्या तिच्या मनातून जात नाही.