ज्वारीत ठेवलेली कॅसेट

१९९६ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो अन् माझ्याकडं एकच कॅसेट होती. साठ मिनिटांची. तीर्थपुरीत एक भाई कॅसेटी भरून द्यायचा. आपण गाण्यांची चिठ्ठी द्यायची, पुढच्या बाजाराला भरलेली कॅसेट घेऊन जायची. मी दुसरी शिकलेला. पण चिठ्ठी मीच लिहिली, दुसऱ्या कुणाला लिहू दिली न्हाई. एक बाजू माझी. दुसरी बाजू बायकोनं भाईला तोंडी सांगितली अन् मला म्हणाली, “तुम्ही तवर बियाण्याचं बघून या.”

माझ्या बाजूला चार गाणी होती. पहिली कव्वाली. त्यात तो कव्वाल एकच ओळ दहा-अकरा वेळा म्हणतो. लोक हसतात, पण आमच्या भावकीला पाण्याची पाळी सांगायची तर मलाही अकरा वेळाच सांगावी लागते. दुसरं सिनेमातलं. त्यातला हिरो पळता पळता गातो अन् त्याला दम लागत न्हाई. त्याला एकदा उसाच्या फडात पळवला पाहिजे. तिसरी लावणी. बाई बरी गाते, पण खरं काम ढोलकीवाल्याचं हाय. बायको त्या गाण्याला भांडी जोरात आपटायची. चौथा पोवाडा, निम्मी बाजू त्यानंच खाल्लेली. त्यातला गडी वेढ्यात सापडतो. पुढं काय होतं ते मला पाठ, तरी दर वेळी वाटायचं, आज काही हा सुटत न्हाई.

पोवाडा संपला की मी उठायचो. बायको कॅसेट उलटी करायची अन् म्हणायची, “झाली तुमची बाजू? आता तुम्हाला बैल आठवतील.”

बैल खरंच आठवायचे. तिची बाजू मी कधी बसून ऐकली न्हाई.

त्याच्या आदल्या वर्षी, पंच्याण्णवला, ती गेली. तापाचं निमित्त झालं. आमच्याकडं माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात गाणं वाजवत न्हाईत. लोक म्हणायचे, सवा महिना पाळला तरी चालतं. मी म्हणलं, वर्ष म्हणजे वर्ष. टेपातले सेल काढून ठेवले. कॅसेट ज्वारीच्या कणगीत हातभर खोल खुपसली. मोलाची वस्तू धान्यात ठेवायची ही आमच्या घरची रीत. माझ्या आईच्या पाटल्या त्याच कणगीत असायच्या.

त्या वर्षात मला काही वाटलं न्हाई. रडू आलं न्हाई. लोक बसायला यायचे, मी चहा सांगायचो, ते उठून जायचे. ऊस तुटून कारखान्याला गेला. भाकर गरम हाय का शिळी, हे खाऊन झाल्यावरही सांगता आलं नसतं.

वर्षश्राद्धाला लेक आल्ती. जेवणं उरकली, पाव्हणे गेले, तेव्हा ती माझ्यासमोर येऊन बसली.

“आबा, ती कॅसेट मला द्या. उद्या सकाळच्या गाडीनं जायचंय मला.”

“माझी बी बाजू हाय तिच्यावर.”

“तुमची बाजू तुम्हाला पाठ हाय. मला आईची गाणी पाहिजेत. तुम्ही कधी ऐकली तरी का ती?”

“देणार न्हाई.”

“मंग निदान वाजवा तरी. आज वर्ष झालं.”

ते मला नाकारता आलं न्हाई. कॅसेट काढली, धोतरानं पुसली. लेक बघतच राहिली. “ज्वारीत? आबा, कॅसेट काय भुईमूग हाय का?”

“तुझ्या आजीच्या पाटल्या होत्या यात.”

“पाटल्या फिरत न्हाईत.”

नवे सेल घातले अन् तिची बाजू लावली. पहिली गवळण, आवाज नाकातला. दुसरं देवीचं गाणं. त्यातल्या संबळवाल्याला घरी जायची जल्दी दिसली. तिसऱ्याला मी कान टवकारले. नवरा-बायकोच्या भांडणाचं गाणं. नवरा आपलं शहाणपण सांगतो, मीच नांगर धरला, मीच घर बांधलं. मंग तो विचारतो, तू काय केलं गं?

“हे तिनं भरून घेतलं?” मी म्हणलं.

“दोनदा लावायची. तुम्ही बैलाकडं गेलात की.”

गाण्यातल्या बायकोचं उत्तर सुरू व्हायला अन् आवाज जाड व्हायला एकच गाठ पडली. मंग घरघर. कॅसेटीत शिरलेल्या ज्वारीच्या भुशानं फीत अडली अन् टेपात गुंडाळली.

“हात लावू नका,” लेक ओरडली. “भाईकडं नेऊ. तो खोलून काढील.”

“मी मोटार खोलतो विहिरीवरची. हे काय हाय?” म्हणलं अन् ओढली.

तुटली. तीन हात फीत चुरगळून माझ्या मुठीत आली. तेवढी कापली, टोकाला टोक चिकटपट्टीनं जोडलं, पेन्सिलीनं फिरवून आत घेतली. वाजली बराबर. फक्त नवऱ्याचा सवाल संपला की एकदम चौथं गाणं लागायच्या जवळ. उत्तर गेलं.

लेक रडली. मी कॅसेट काढली. उलटून माझी बाजू लावली, तर पोवाड्यातला गडी वेढ्यात अडकतो अन् पुढच्या दमाला गडावर पोचलेला. फीत एकच, तिच्यातलं गेलं तेवढं माझ्यातलंही गेलं. हे मला तेव्हा कळलं.

“काय म्हणते ती बायको?” मी विचारलं.

लेकीनं नाक पुसलं. “तुम्हीच ऐकायचं होतं, आबा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांना कडबा टाकला अन् लेकीसंगं तीर्थपुरीला गेलो. भाईनं दुकान नुकतं उघडलं होतं. तिची पाचही गाणी लेकीनं सांगितली, चिठ्ठी मी लिहिली. भाईनं कोरी कॅसेट काढली.

“काका, दुसऱ्या बाजूला तुमचीच भरू ना? पहिल्यासारखी?”

“न्हाई. दोन्हीकडं तिचीच. हिला न्यायचीय.”

“आज बाजार न्हाई, लगेच भरतो. घंटाभर लागंल. फिरून या.”

“बसतो,” म्हणलं.

लेकीनं सकाळची गाडी सोडली. मी स्टुलावर बसलो. तिसरं गाणं आलं, नवऱ्याचा सवाल झाला. गाण्यातली बायको उत्तर देत न्हाई. नुसती हसते, बराच वेळ, अन् ढोलकी वाजत राहते. मंग म्हणते, जेवायला उठा.

भाईनं बाजू बदलली. मी ते परत ऐकलं.