सणाच्या दिवशी ल्युप्काची परीक्षा

ल्युप्का माझी सून. गाड्यांच्या वायरी बांधायच्या कारखान्यात होती. माझा मुलगा मिलुटिन वारला आणि पुढच्याच वर्षी कारखानाही बंद पडला. तेव्हापासून घरात आम्ही तिघी: मी, ती आणि तिची लहानगी नेवेना. निश शहरातल्या एका कंपनीने तिला सांगितलं होतं, प्रोग्रामिंगची पहिल्या पायरीची परीक्षा पास व्हा, घरबसल्या काम देतो. नाहीतर तिची बहीण परदेशात लिंझला हॉटेलातल्या खोल्या साफ करते, तिच्याकडे जायचं. नेवेनाला घेऊन. हे ती भांडून बोलली नाही, बटाटे सोलता सोलता बोलली, म्हणून मला जास्त भीती वाटली.

वर्षभर अभ्यास केला पोरीने. लिहिताना एखादी खूण राहिली की अख्खा प्रोग्राम अडून बसायचा, आणि ती शोधताना तिचा चेहरा पांढरा पडायचा. नेवेना चिडवायची, "जर आईने भजी दिली, तर मी शहाणी. नाहीतर एरर!" ल्युप्का हसायचीसुद्धा नाही. पहिल्यांदा परीक्षेला बसली तेव्हा कोऱ्या पडद्यापुढे तिचा हातच चालला नव्हता. आता शेवटची संधी, आणि कंपनीच्या मुदतीआधी एकच तारीख शिल्लक: जुर्जिच, आमच्या घरच्या संताचा सण.

त्या दिवशी आम्ही कोणाला बोलावत नाही आणि कोणाला दार बंद करत नाही. ज्याला यायचं तो येतो. परीक्षा मात्र घरातच, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस दिसलं, आवाज आला, की संपलं. इंटरनेट नीट चालतं ते पुढच्या खोलीत, आणि आमच्या संत जॉर्जेची तसबीरही तिथेच, पूर्वेच्या भिंतीवर.

सुरू होण्याआधी कॉम्प्युटरमधून परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्याचा आवाज आला, "भिंती दाखवा. ती तसबीर काढा, तिच्यावर अक्षरं आहेत."

ल्युप्का माझ्याकडे वळली. "आई, मी नाही हात लावणार. आजच्या दिवशी तर नाहीच."

"सरक बाजूला," मी म्हटलं. क्रूसाची खूण केली आणि संताला खाली घेतलं. सणाच्या दिवशी त्याला त्याच्याच भिंतीवरून उतरवलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात नेऊन टेकवला, पुढे मेणबत्ती लावली. म्हटलं, रागवायचं तर माझ्यावर रागव, तिच्यावर नको.

सगळ्यांत आधी आले माझे दीर, रादिसाव. एका कानाने ऐकू येत नाही.

"वहिनी! सणाच्या शुभेच्छा!"

"भाऊजी, हळू! ल्युप्का परीक्षेला बसलीय."

"आज? संताच्या दिवशी?"

"हळू म्हणते ना!"

"हळूच बोलतोय की!" गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मी सणाला आल्यागेल्याला द्यायच्या उकडलेल्या गव्हाचा भरला चमचा त्यांच्या तोंडात घातला, दंड धरला आणि मागे नेलं. मग शेजारची माणसं आली. सगळी त्या थंड स्वयंपाकघरात दाटीवाटीने, कोट न काढता बसली. सणाचा पाव सगळ्यांनी हात लावून फिरवला. स्तोत्र म्हणायचं ते नुसत्या ओठांनी म्हटलं.

मला राहवेना. घरात येऊन खोलीच्या बंद दाराशी उभी राहिले.

"पडद्याकडेच बघा," पहारेकरी म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "तुमची नजर सारखी भिंतीकडे जातेय. ही दुसरी ताकीद. तिसरी मिळणार नाही."

ती कुठे बघतेय ते मला कळलं. कठीण काही आलं की माझीही मान तिकडेच वळते. आत जाऊन तिला सांगायची सोय नव्हती. दाराला कपाळ लावून मी देवाला विनवत राहिले, तिचे डोळे धरून ठेव.

ती बाहेर आली तेव्हा तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता. "गुण पुरेसे आहेत, आई. पण निकाल अडवलाय. भिंतीवर काय बघत होते ते लिहून द्यायचंय. नाही पटलं तर रद्द."

रादिसाव भाऊजी दारात येऊन थडकलेच होते. "त्यात काय! घड्याळ लिही. घड्याळाकडे सगळेच बघतात."

"आई?"

मला वाटलं, लिहावं घड्याळ. देवाशपथ वाटलं. संताचं नाव वाचून हसतील, रद्द करतील, आणि माझं घर रिकामं होईल. पण मी तिची खुर्ची तेवढी पुढे सरकवली. ती बसली आणि स्वतःच लिहायला लागली: तिथे आमच्या संताची जागा आहे, घाबरले की मी तिकडे बघते.

उत्तर येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. टपालगाडी थांबली तरी धस्स व्हायचं, खरं तर उत्तर टपालाने येणार नव्हतं.

आलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. फोन वाचला आणि ओल्या चादरीत तोंड खुपसून रडली. मला वाटलं, गेलं सगळं. "झाले," ती म्हणाली. "झाले पास, आई."

दुपारी मी तिच्या खोलीत गेले. ती पलंगाखालून बॅग ओढून नेवेनाचे लोकरीचे कपडे, तिच्या वह्या, मिलुटिनचा फोटो एकेक काढून पुन्हा कपाटात लावत होती. बॅग कधी भरली होती हे विचारायचा धीर मला झाला नाही. मी खाली बसले आणि मोजे जोड्या लावून तिच्या हातात देत राहिले.