मालधक्क्यावरचा काटा आणि माझे पाच शेर

चार बुकं शिकलो मी. वजन वाचायला तेवढी पुरतात. तरण्या वयात लोणावळ्याच्या मालधक्क्यावर हमाल होतो. भाताची पोती, भाजीच्या करंड्या दिवसभर काट्यावर चढवायचो आणि उतरवायचो, पण त्या काट्यावर आपण स्वतः उभं राहावं हे कधी सुचलं नव्हतं.

सुचवलं एका गोवेकर फायरमननं. घाटात तेव्हा वाफेची इंजिनं होती, त्यांच्या भट्टीत हा कोळसा टाकायचा. हा गडी डबल ड्यूटी करूनही रेल्वेच्या पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. मी कामशेतजवळच्या खेड्यातला, तालमीत वाढलेला. माझे दंड बघून त्यानं मला हातमोजे चढवले. दोन महिन्यांनी रेल्वेवाल्यांचे सामने होते.

"हलक्या गटाची हद्द एक मण सव्वीस शेर," तो म्हणाला. "चढ काट्यावर."

भरलो एक मण एकतीस, आताच्या हिशोबानं सहासष्ट किलो.

"पाच शेर उतरव पैलवान. न्हाईतर वरच्या गटात तो दांडगा फिटर आहे, तुला लोळवेल."

"उतरवायचं? उस्ताद, आमच्यात वजन चढवत्यात!"

तालमीत कुणी वाळला तर लोक दुखणं विचारतात. पण फिटरच्या हातून लोळायचं नव्हतं मला. त्याच दिवशी भात सोडला. मावळातल्या माणसानं भात सोडला म्हणून आईनं मीठमिरची उतरवून टाकली.

"कुनाची नजर लागली रं तुला?"

"काट्याची," मी म्हणालो.

आठ दिवसांनी चढलो. एक मण एकतीस! मला काट्याचाच संशय आला. लोखंडी वजनं ठेवून ताडून पाहिला, काटा खरा. मग वहाणा काढून चढलो, श्वास रोखून चढलो, एक पाय उचलूनसुद्धा पाहिलं. मग सोडलेल्या भाताचं वजन गेलं कुठं? विचार करताना संध्याकाळचा तांब्या आठवला. दूध, त्यात तूप, त्यात वाटलेले बदाम. सकाळी एक, संध्याकाळी एक. हे मी खाण्यात धरलंच नव्हतं. खुराक तो खुराक, तो तालमीतल्या वस्तादानं लावलेला, त्याला कोण हात लावणार! पार्सलच्या लहान काट्यावर तांब्या आधी रिकामा तोलला, मग भरलेला. दीड शेराचा फरक! एक वेळचा!

तेव्हा मी चिडलो. चिडलो की मी धड काही करत नाही, हे माझी बायकोही पुढं चाळीस वर्षं सांगत आली. दूध बंद केलं, पाणीही बंद केलं, आणि घोंगडी पांघरून खंडाळ्याच्या चढावर दोन दिवस पळालो. तीन शेर उतरले. छाती काढून उस्तादापुढं उभा राहिलो. त्याचा दुसराच ठोसा आला आणि मी आडवा झालो.

त्यानं बसवलं, घोटघोट पाणी पाजलं. उठता येताच मी काट्यावर चढलो, थोडं वजन परत आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जवळजवळ सगळंच आलं.

"गेलं होतं ते पाणी रे, तू नव्हे," तो म्हणाला. "इंजिनातलं पाणी सोडलं तर इंजिन हलकं होतं. पण घाट चढतं का?"

मग त्याचं ऐकलं. भात पुन्हा सुरू केला, एक मूद. नाचणीची एक भाकरी, पालेभाजी, हुलग्याचं कढण, कधी नदीची मासळी. दूध एक पेला, बिनतुपाचं. पाणी तहानेइतकं. वजन फक्त सोमवारी, सकाळी काही न खाता.

"दाणं मोजून वाढू का आता?" आई वाढताना म्हणायची.

"मोज की, तेवढाच हिशोब येईल तुला."

सोमवारी अर्धा शेर कमी दिसायचा, कधी पाऊण. दम वाढला, पोत्याखाली पाय हलके पडू लागले. एकदा हौसेनं निजण्याआधी वजन केलं आणि उठल्यावर केलं. पावशेराहून जास्त कमी! झोपेत कुठं गेलं असेल? उस्तादाला विचारलं, त्यालाही सांगता येईना. मला अजून उमगलेलं नाही.

सामन्याच्या सकाळी भरलो एक मण साडेसव्वीस. अर्धा शेर जास्त.

आजूबाजूला पोरं वजन उतरवायला घोंगड्या पांघरून पळत होती, थुंकत होती. सामने भरवणारे म्हणाले, "पळून ये, अर्धा तास आहे." उस्ताद माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"न्हाई पळणार," मी म्हणालो. "वरच्या गटात नाव घाला माझं, फिटरसमोर."

फिटर माझ्याहून पाच-सहा शेरांनी जड होता. हरलो मी, लपवायचं काय त्यात. नाकातून रक्त आलं. पण तिन्ही फेऱ्या लढलो, आणि शेवटची घंटा झाली तेव्हा पायावर उभा होतो. लोळवता नाही आलं त्याला.

उस्तादानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"थांबा," मी म्हणालो. तसाच घामानं निथळत मालधक्क्यावर गेलो आणि काट्यावर चढलो.

एक मण सव्वीस. तंतोतंत.

उस्ताद हसून हसून पोत्यावर बसला. मग मी तांब्या घेतला आणि काट्यावर उभ्याउभ्याच पाणी प्यायलो, दांडी कशी वर जाते ते बघत.