धामापूरच्या वाटेवरचं वजन

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी स्वतःची अशी फजिती करून घेतलीय की मध्येच कुणी हसलं तर मला पुढचं सांगता येणार नाही. त्या दिवसांत माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. चिंता काय? मी रोज चालत होते आणि माझं वजन वाढत होतं.

कमी होत नव्हतं असं नाही म्हणत मी. वाढत होतं!

मुळात चालायला लागले ती ओवीमुळे. ओवी म्हणजे माझी लेक, बालवाडीत जाते. एकदा ती कोंबडीमागे रस्त्याकडे पळाली, मी तिच्यामागे, आणि चार पावलांत मला अशी धाप लागली की रस्त्याने चाललेली एक म्हैस मला मागे टाकून पुढे गेली. म्हशीला घाईसुद्धा नव्हती.

तेव्हाच ठरवलं. रोज सकाळी धामापूरच्या तळ्यापर्यंत जायचं आणि यायचं. ओवी सोबत, कारण मी उठले की तिला कोण सांगतं कोण जाणे, ती उठतेच.

आता आमच्या वाडीत उगाच कुणी चालत नाही. चालणाऱ्याला काम असतं. प्रत्येक खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, विचारणा, "खंय चल्लंस गो?" तिथे सुनेने "व्यायामाला" म्हणायचं? "घरात कामां नाय काय?" हे पुढचं वाक्य मला न बोलताच ऐकू यायचं. म्हणून मी म्हणायचे, "भगवतीच्या देवळाकडे." देऊळ तळ्याकाठीच आहे. मी तिथे हात जोडून मागे वळायचे. खोटं काय त्यात?

परतताना पहिलं घर मालूकाकीचं. "दर्शन झालां? बस. घावणे काढलंय." नको म्हणावं तर माझ्या माहेरची, वैभववाडीची, तीन पिढ्यांची अक्कल निघणार. बसले. पुढच्या घरी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा गोड रस. त्याच्या पुढच्या घरी शहाळं, मलईसकट.

हे सगळं मी खाण्यात धरतच नव्हते! खाणं म्हणजे घरचं. घरी मी अर्धी भाकरी आणि काकडी, अगदी नियमाने. बाहेरचा तो शेजारधर्म. शेजारधर्माने कुणी जाडं होतं का? सायन्सची पदवी आहे हो माझी.

काट्यावर उभी राहिले तर दोन किलो वाढलेले. काटाच बिघडला असेल, म्हणून दुकानातून आणलेली तांदळाची बंद पिशवी त्यावर ठेवली. पिशवीचं वजन चोख निघालं. तिथेच माझा धीर सुटला. फोनवर शोधलं, 'व्यायाम करूनही वजन का वाढतं', तर एकेक असे आजार निघाले की फोन उपडा ठेवला.

आणि मग घरात चमत्कार सुरू झाले.

मी कळशी उचलली, तर सासूबाई धावत आल्या. "ठेव ती. मी घेतंय." लग्न झाल्यापासून त्या कळशीला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता! ताटातली पपईची फोड त्यांनी उचलून नेली. "ह्यां तुका नको." मालूकाकी माझ्याकडे बघून पदराने डोळे टिपायला लागली. नवरा मुंबईला नोकरीला असतो, मागे सणाला येऊन गेला होता, त्याचा फोन आला. "जप हां. दगदग करू नको." ह्या माणसाला दगदग हा शब्द येतो हे मला तेव्हा कळलं.

तुम्हीच सांगा, कुणीही काय समजेल? मला काहीतरी मोठं झालंय. सगळ्यांना ते माहीत आहे. फक्त मला सांगत नाहीत!

मी ओवीकडे बघत बसायचे. हिची वेणी कोण घालेल? बाप घालतो ती वेणी नसते, गुरांचं दावं असतं.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "चल, कट्ट्याच्या बाजारात डॉक्टरणीकडे जाऊन येवया." ओवीला घेऊन तिघी निघालो.

दवाखान्यात बसले आणि डॉक्टरीणबाईंना स्पष्टच म्हटलं, "वजन वाढत चाललंय. जे असेल ते खरं सांगा. मला लहान मूल आहे."

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आता लपवू नको गो. तिसरो लागलो असतलो. आता सांगूक हरकत नाय."

"तिसरा काय?"

"म्हयनो!"

मी त्यांच्याकडे बघितलं, त्या माझ्याकडे, डॉक्टरीणबाई आम्हा दोघींकडे.

मग उलगडा झाला. पदरात एकच मुलगी असलेली सून रोज सकाळी देवीकडे जाते, ती कशाला? नवसाला! आणि नवसाचं विचारायचं नसतं, तिसरा महिना लागेपर्यंत तर तोंडातून काढायचंच नसतं, दृष्ट लागते. म्हणून सगळी वाडी तोंड मिटून मला खायला घालत होती. मी जितकी फुगत गेले, तितकी देवी पावत गेली!

तपासणी झाली. काही नव्हतं. ना बाळ, ना आजार.

"चालून आल्यावर काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

"आणि चालताना?"

मी तोंड उघडलं आणि सांगायला लागले. नारळाच्या रसापाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. शहाळ्याच्या मलईपाशी मला स्वतःलाच ऐकू यायला लागलं मी काय बोलतेय ते.

रिक्षात बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे कायच नाय?"

"काहीच नाही हो, आई."

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तू बरी आसस मा? झालां तर." आणि लगेच, "पण मालूक काय सांगतलंस? ती बाळाक गोधडी शिवता."

आता दारोदार जाऊन सांगायचं, की बायांनो, पोटात बाळ नाही, तुमचेच घावणे आहेत! सून खोटं बोलून दोन महिने खात फिरली, असंच म्हणतील ना?

मांडीवरच्या ओवीला मी काकुळतीने विचारलं, "ओवी, तू तर रोज माझ्याबरोबर असायचीस. मी कुणाशी खोटं बोलले का गो?"

तिने नीट विचार केला.

"नाय," ती म्हणाली, "तू खोटां कशी बोलतलंस? तुझां तोंड तर भरलेलां होतां."